फोटोतला पांढरा डोळा

परवा कपाट आवरताना जुना अल्बम हाती लागला. 1999 चा, माझ्या चुलतभावाच्या मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचा. कोडॅकचा केबी 10 कॅमेरा मीच एका मित्राकडून मागून आणला होता. केक, कागदी टोप्या, फुगे, आणि पोरगी थेट कॅमेऱ्याकडे बघतेय. उजवा डोळा लाल. डावा पांढराफटक, मांजरासारखा.

तेव्हा आम्ही हसलो होतो. लाल डोळे तर प्रत्येक रोलमध्ये यायचेच. त्यातला एक फोटो मोठा करायला दिला, तर स्टुडिओवाल्याने डोळ्यावर काळ्या शाईचा बारीक ठिपका देऊन तो ‘दुरुस्त’ करून दिला. त्याला दोष देत नाही. त्याला माहीत नव्हतं, आम्हालाही नव्हतं.

घरात लेकरांचे फोटो काढायचे म्हणजे आधी उजेडाची भानगड. 1887 मध्ये जर्मनीत मीथे आणि गेडिके यांनी मॅग्नेशियमची फ्लॅश पावडर आणली. धाडकन भडका आणि खोलीभर धूर! तान्ह्या बाळाजवळ हा उद्योग कोण करणार? मग 1929 च्या सुमारास काचेचा फ्लॅशबल्ब आला, एक बल्ब एक फोटो, म्हणजे पैशेवाल्यांचं काम. आपल्याकडं आगफा क्लिक 3 बऱ्याच घरांत पोचला, पण तोही मुख्यतः उन्हाचा कॅमेरा. त्या काळच्या अल्बममधली पोरं अंगणात डोळे बारीक करून उभी दिसतात ती त्यामुळंच.

खरा फरक पडला तो फ्लॅश कॅमेऱ्याच्या पोटातच, भिंगाला चिकटून आला तेव्हा. अंधाऱ्या खोलीत डोळ्याची बाहुली मोठी होते. भिंगाशेजारून गेलेला उजेड डोळ्याच्या मागच्या पडद्यावर पडतो आणि जवळपास त्याच वाटेनं परत येतो. मागं रक्तवाहिन्या, म्हणून लाल दिसतं. स्टुडिओत दिवे नि छत्र्या बाजूला असायच्या, तिथं हे फारसं होत नसे.

आमची आजी म्हणायची, फ्लॅशनं बाळाचे डोळे जातात. घरगुती फ्लॅशनं तसं काही होत नाही. पण मागं पांढरी गाठ असेल तर तो उजेड पांढरा परत येतो. रेटिनोब्लास्टोमा, लहान मुलांच्या डोळ्याचा कर्करोग. साधारण 15 ते 20 हजार जन्मांमागे एक, बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आत. हेल्महोल्ट्झने 1851 मध्ये डोळ्याच्या आत बघायचं यंत्र केलं, तेही आत टाकलेला उजेड परत येताना पकडूनच. म्हणजे त्या यंत्राचा कच्चा भाऊ दीडशे वर्षांनी आमच्या घरात आला होता आणि आम्ही फोटो बिघडला म्हणत होतो.

त्यात रोलची शिस्त. 36 फोटो संपल्याशिवाय धुवायला द्यायचा नाही! वाढदिवसाचा रोल दिवाळीनंतर धुतला. मग तो ठिपका. पुढं डोळा तिरळा दिसायला लागला तर ‘मोठी झाली की जाईल’. शेवटी पुण्याला नेलं तेव्हा डोळा काढण्यावाचून इलाज उरला नव्हता. जीव वाचला. आज ती बँकेत नोकरीला आहे, आणि ही पोस्ट तिला विचारूनच लिहिलीय.

अमेरिकेत ब्रायन शॉ नावाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या मुलालाही हाच आजार झाला. त्यांनी घरातले हजारो फोटो मागं जाऊन तपासले, तर मूल 12 दिवसांचं असतानाच्या फोटोतही पांढरी झाक सापडली. 2013 मध्ये त्यांनी हा अभ्यास छापला आणि पुढं मोबाईलसाठी ॲपही काढलं.

आता फोनचं बघा. बरेच फोन लाल डोळा आपोआप पुसतात, काही आधी एक छोटा फ्लॅश मारून बाहुली लहान करतात. नाईट मोड आल्यापासून तर फ्लॅश कुणी लावतच नाही. स्टुडिओवाल्याचा तो ठिपका आता फोनमध्येच बसवून मिळतो.

एका फोटोत डोळा पांढरा आला म्हणून घाबरून जाऊ नका. मूल तिरकं बघत असलं तरी तसं दिसू शकतं, मोतीबिंदूनंही दिसतं. पण त्याच डोळ्यात पुन्हा दिसलं तर थांबू नका. नेत्रतज्ज्ञांकडे जा, फोटो बरोबर न्या, आणि थेंब घालून, बाहुली मोठी करून आतून डोळा बघायला सांगा. फोटो मला इनबॉक्समध्ये पाठवू नका, मी पत्रकार आहे, मला त्यातलं कळत नाही. 1999 लाही कळलं नव्हतं.