तबकडी कुठून आली? ऐंशीच्या दशकातली मेटल रेकॉर्ड आणि खानदेश



विषय वाचून काहींना प्रश्न पडला असेल की इतिहासाच्या व्याख्यानमालेत हा धांगडधिंगा कशासाठी? हेवी मेटल, थ्रॅश, त्यांच्या जुन्या रेकॉर्डी आणि त्या जमवणारी माणसं. यात इतिहास कुठे आला? उत्तर द्यायला धुळ्याइतकी चांगली जागा नाही, कारण हे गावच संग्रहावर नाव मिळवलेलं आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला इथेच वारले आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ पुढच्याच वर्षी इथे उभं राहिलं. शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी बाडं गावोगावहून आणली, तीही याच धुळ्यात.

राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड काढले, पहिला १८९८ साली. ते कागद कुठून आले? वाड्यांच्या माळ्यांवरून, वाळवी लागलेल्या पेट्यांतून. जे घरच्यांच्या लेखी रद्दी होतं, वाण्याच्या पुडीत गेलं असतं, त्यातून. आज मला एवढंच सांगायचं आहे की रेकॉर्डचंही तसंच आहे. ती दस्तऐवज आहे. आणि दस्तऐवजाला आपण पहिला प्रश्न विचारतो तो असा, की बाबा, तू कुठून आलास?

आधी वस्तू समजून घेऊ. इंग्रजीत जिला 'व्हायनल' म्हणतात ती तबकडी पीव्हीसीची असते. इथे जळगावची मंडळी बसली आहेत, त्यांना पीव्हीसी समजावून सांगायला नको. ज्या गावात १९८० पासून त्याचे पाइप निघताहेत, तिथे ते घरचंच रसायन. त्याच्या आधीच्या ७८ आरपीएमच्या रेकॉर्डी लाखेच्या असत, आणि जगाला लाख पुरवणारा मोठा देश आपलाच होता. एलपी आली १९४८ साली. मिनिटाला ३३⅓ फेरे, एका बाजूला साधारण वीस मिनिटं. त्या बाजूवरची खाच उलगडून सरळ केली तर चारशे मीटरच्या वर भरेल. सगळं संगीत त्या खाचेच्या दोन भिंतींवर कोरलेलं असतं. आवाज मोठा आणि खर्ज भरपूर असेल तर खाच जास्त जागा खाते. म्हणून एका बाजूत मिनिटं जास्त कोंबली की आवाज बारीक होतो. मेटल ऐकणाऱ्याला हे चांगलं ठाऊक असतं. मेटालिकाचा १९८६ चा 'मास्टर ऑफ पपेट्स' जवळपास ५५ मिनिटांचा आहे आणि तो एकाच तबकडीवर बसवला होता. उलट त्याच वर्षीचा स्लेयरचा 'रेन इन ब्लड' पुरता अर्ध्या तासाचाही नाही. त्याची कॅसेट निघाली तेव्हा अख्खा अल्बम एका बाजूवर मावला, म्हणून दुसऱ्या बाजूवर तोच पुन्हा भरला. (हशा)

आता हे संगीत आलं कुठून ते पाहू. हेवी मेटलची सुरुवात बहुतेक जण १९७० पासून धरतात, बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथपासून. बर्मिंगहॅम म्हणजे कारखान्यांचं शहर. सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यातल्या यंत्रात गेली होती. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये आयर्न मेडन, डायमंड हेड अशा नव्या बँडांची लाट आली. यांतल्या कित्येकांच्या रेकॉर्डी लहान कंपन्यांनी थोड्याच प्रती छापून काढल्या होत्या.

आणि इथे संग्राहक आत येतो. अमेरिकेत थ्रॅश जन्माला आलं त्यात संग्राहकांचा हात फार मोठा आहे. लार्स उलरिक हा डेन्मार्कहून लॉस एंजेलिसला आलेला पोरगा ब्रिटिश बँडांच्या दुर्मीळ रेकॉर्डी जमवायचा. १९८१ च्या उन्हाळ्यात तो इंग्लंडला गेला आणि थेट डायमंड हेडच्या मंडळींकडे जाऊन राहिला. परत येऊन त्याने जेम्स हेटफील्डबरोबर मेटालिका काढली. ब्रायन स्लेगल रेकॉर्डच्या दुकानात काम करायचा. त्याने १९८२ साली 'मेटल मॅसॅकर' नावाची एकत्रित रेकॉर्ड काढली आणि त्यातूनच मेटल ब्लेड ही कंपनी उभी राहिली. न्यू जर्सीत जॉन झझुला आणि त्याची बायको मार्शा जुन्या बाजारात रेकॉर्डचा गाळा चालवत होते. त्यांच्या हाती मेटालिकाची नमुन्याची कॅसेट पडली. मोठी कंपनी कुणी पुढे येईना, म्हणून त्यांनी स्वतःच मेगाफोर्स ही कंपनी काढली आणि १९८३ साली 'किल एम ऑल' बाजारात आणला. म्हणजे गिऱ्हाईक, दुकानदार आणि प्रकाशक एकाच आळीतले.

'मेटल मॅसॅकर'च्या पहिल्या छपाईत एक गंमत आहे. मेटालिकाचं नाव चुकीचं छापलं, इंग्रजी 'टी' एकाऐवजी दोन. पुढच्या छपाईत नाव दुरुस्त झालं आणि त्यांच्या गाण्याचं ध्वनिमुद्रणही बदललं. पोथ्यांवर काम केलेल्या माणसाला हे लगेच कळेल. हा पाठभेद आहे. पहिली प्रत कोणती, दुरुस्त कोणती, दोन्हींत फरक काय, हे संग्राहक बघतो. त्याला आपण खुळा म्हणतो. पोथीच्या बाबतीत हेच करणाऱ्याला आपण पंडित म्हणतो.

आता भारताकडे वळू. आपल्याकडे कोलकात्यात १९०८ पासून रेकॉर्डी छापल्या जात होत्या, पुढे तो कारखाना दमदमला गेला. एचएमव्हीची मूळ कंपनी ब्रिटनची, त्यामुळे तिथला माल इथे छापून निघे. बीटल्सची गाणी १९६३ नंतरही भारतात ७८ च्या तबकडीवर निघत होती, कारण चावीचे ग्रामोफोन अजून घराघरांत होते. इंग्लंडात तोवर ती तबकडी संपली होती. आज जगभरचे बीटल्सचे संग्राहक त्या भारतीय तबकड्यांच्या मागे असतात. पुढे पॉलिडॉर आली, तिचीच नंतर म्युझिक इंडिया झाली. ऐंशीच्या दशकात सीबीएस आली.

म्हणजे इथे काय निघणार हे ठरवलं कंपन्यांच्या नात्यांनी. ज्या बँडचे हक्क या मोठ्या घराण्यांकडे होते त्याची रेकॉर्ड भारतात निघण्याचा निदान रस्ता होता. आयर्न मेडन ईएमआयकडे, ज्युडास प्रीस्ट सीबीएसकडे. पण सुरुवातीचं थ्रॅश होतं मेटल ब्लेड, मेगाफोर्स, जर्मनीची नॉइझ असल्या चिमुकल्या कंपन्यांकडे. त्यांचं इथे कुणीच नव्हतं.

ब्राझीलशी तुलना करून पाहा. बेलो होरिझोंते शहरात कोगुमेलो नावाचं रेकॉर्डचं दुकान होतं. त्या दुकानाने १९८५ साली सेपल्तुरा या गावातल्याच पोरांच्या बँडची रेकॉर्ड काढली आणि तो बँड पुढे जगभर गेला. आपल्याकडे तबकडी छापायची यंत्रं मोजक्या कंपन्यांच्या ताब्यात होती. दुकानदार उठून रेकॉर्ड काढतो ही गोष्ट आपल्याकडच्या मेटलमध्ये घडली नाही. तरी मुंबईत काही हललं. १९८४ साली रॉक मशीन हा बँड उभा राहिला, महेश तिनईकर, उदय बेनेगल ही मंडळी त्यात होती. १९८६ पासून धोबी तलावच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' भरू लागला. १९८८ साली सीबीएसने रॉक मशीनचा 'रॉक अँड रोल रेनेगेड' काढला. तो थ्रॅश नव्हे, हार्ड रॉक. पण स्वतःची इंग्रजी गाणी घेऊन भारतीय बँडने असा अल्बम काढणं तेव्हा मोठी गोष्ट होती. हाच बँड १९९३ मध्ये इंडस क्रीड झाला.

मग या सगळ्यात खानदेश कुठे?

खानदेशात हे संगीत आलं ते मुख्यतः कॅसेटवर. टेपरेकॉर्डर आला, गावोगावी कॅसेट भरून देणारी दुकानं निघाली, आणि ऐंशीच्या दशकात कॅसेटने एलपीचा बाजार जवळजवळ गिळून टाकला. कॅसेट स्वस्त होती, भरता येत होती, पुसता येत होती. एकाची दुसऱ्याने, दुसऱ्याची तिसऱ्याने उतरवली. प्रत्येक उतरणीत आवाज थोडा मळत गेला आणि माहिती गळत गेली. गायक कोण, वर्ष कोणतं, कंपनी कोणती, काही उरलं नाही. उरलं ते कुणाच्या तरी अक्षरातलं बँडचं नाव, आणि तेही कानावर पडलं तसं लिहिलेलं.

त्यामुळे धुळ्यात किंवा जळगावात ऐंशीच्या दशकातली थ्रॅशची खरी एलपी सापडली, तर ती बाजारातून आलेली असण्याचा संभव फार कमी. ती माणसाच्या हातून आली असणार. आखातात कामाला गेलेला कुणी, बोटीवर नोकरीला असलेला कुणी, पुण्या-मुंबईला शिकायला जाऊन काळा घोड्याच्या रिदम हाऊसमध्ये उभा राहिलेला कुणी, जो भुसावळकडे येणाऱ्या गाडीत ती मांडीवर सांभाळत घेऊन आला. बाजारातून हजार प्रती आल्या असत्या तर त्यांची एकच कथा झाली असती. इथे जितक्या प्रती तितक्या वाटा. माझ्या मते खानदेशातल्या अशा रेकॉर्डचं खरं मोल या वाटेत आहे, लिलावातल्या भावात नाही.

ती वाट तबकडीवरूनच वाचता येते. चार जागा सांगतो.

पहिली, लेबल. मधल्या गोल कागदावर कंपनी, देश आणि क्रमांक असतो.

दुसरी, खाचा संपल्यावर लेबलाभोवती जी गुळगुळीत पट्टी राहते ती. तिथे मॅट्रिक्स नंबर कोरलेला असतो. कोणत्या साच्यातून ही प्रत निघाली ते तो सांगतो. तबकडी उजेडात तिरकी धरा, दिसेल. कव्हर बदलता येतं, हा नंबर बदलता येत नाही.

तिसरी, कव्हर. दुकानाचा शिक्का, किमतीची चिठ्ठी, पुठ्ठ्याचा दर्जा. दिरहममधली चिठ्ठी असेल तर अर्धी गोष्ट तिथेच कळली.

चौथी, आणि माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची, म्हणजे हस्ताक्षर. मालकाचं नाव, तारीख, 'अमक्याकडून वाढदिवसाला', वसतिगृहातल्या खोलीचा नंबर. व्यापारी नेमकं हेच पुसतो. स्वच्छ प्रतीला भाव जास्त, म्हणून चिठ्ठी सोलली, नाव खोडरबराने घासलं, आणि प्रत मोठ्या शहरात किंवा परदेशात रवाना झाली. तिथे ती पोचते तेव्हा तिचा खानदेशाशी संबंध संपलेला असतो. सनदेवरचा शिक्का खरवडून ती विकावी, तसं हे आहे.

दुसरा शत्रू आपलं ऊन. जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याखालची खोली त्याहून तापते. पीव्हीसी उष्णतेने मऊ होतं, आणि तबकड्या आडव्या एकावर एक रचलेल्या असल्या की वजनाने वाकतात. एकदा वाकली की सुई उड्या मारते. त्या पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, भिंतीत, तळमजल्यावर, उन्हाच्या झोतापासून लांब. एवढं केलं तरी पुढची पन्नास वर्षं ती वाजेल.

तिसरा शत्रू आपली लाज. ज्यांनी तेव्हा हे ऐकलं ती माणसं आज पन्नाशी-साठीत आहेत. कुणी बँकेत, कुणी शाळेत, कुणी शेतीत. घरी भजन-भावगीत असताना दार लावून मेगाडेथ ऐकणारा पोरगा होता, हे ते सांगत नाहीत. आपल्या इतिहासात त्या दशकाचं संगीत म्हणजे सिनेमा, भावगीत, लग्नातला बँड. हे सगळं खरंच आहे. पण त्याच गल्लीत, त्याच वर्षी, कुणीतरी हेही ऐकत होता, आणि त्याचा कागदोपत्री पुरावा जवळपास नाही. १९९३ साली अलाहाबादसारख्या शहरातून 'रॉक स्ट्रीट जर्नल' निघालं, तेव्हा महानगरांबाहेरही हा श्रोता आहे हे छापून दिसलं. आपल्याकडे तसं काही छापलं गेल्याचं मी पाहिलेलं नाही. म्हणून तबकडीवरची अक्षरं एवढी मोलाची.

तेव्हा विनंती साधी आहे. घरात, भावाच्या ट्रंकेत, आग्रा रोडवरच्या किंवा फुले मार्केटजवळच्या एखाद्या रद्दीवाल्याकडे अशी रेकॉर्ड दिसली, तर घ्या किंवा घेऊ नका. पण एक कागद घ्या. लेबलवरचा क्रमांक, कोरलेला नंबर, किंमत, हस्ताक्षर, ती कुणाकडून आणि कोणत्या तारखेला मिळाली, हे लिहा, आणि तो कागद कव्हरच्या आत सरकवून ठेवा. मालक हयात असेल तर दहा मिनिटं त्याच्याजवळ बसा. ही कुठून आणली, पहिल्यांदा कुठे वाजवली, कुणाला कॅसेटवर उतरवून दिली, हे विचारा. सिनेमाच्या रेकॉर्डी असतील, अहिराणी गाण्यांच्या कॅसेटी असतील, त्यांनाही हेच प्रश्न लागू आहेत.

वेळ संपत आली आहे. बाहेर टेबलावर दोन-चार तबकड्या ठेवल्या आहेत. त्या कडेने धरा, खाचेला बोट लावू नका, आणि तिरक्या करून नंबर शोधून बघा. कुणाच्या घरी काही असेल तर प्रश्नोत्तरांत सांगा, आपण इथेच लिहून घेऊ.