प्रार्थनामंदिरातील निनाद आणि ‘क्रिस्तपुराणा’ची ओवी

मनावरच्या परिसरातील मराठी मंडळींना मांडवगड अपरिचित नाही. तेथील होशंगशाहच्या मकबऱ्याच्या घुमटाखाली एखादे वाक्य घाईने उच्चारले, तर शब्द एकमेकांत मिसळून जातात. तेच संथपणे, स्वर लांबवून म्हटले, तर अर्थ कानी पडतो. दगडी वास्तूचा हा स्वभाव ध्यानी घेऊन आम्ही गोमंतकातील एका वाङ्मयीन प्रश्नाकडे वळत आहो.

जुन्या गोव्यातील से कॅथीड्रलच्या बांधकामास १५६२ साली प्रारंभ झाला. मुख्य वास्तू १६१९ साली पूर्ण झाली. अशा विशाल, कमानदार छताच्या, चुन्याचा गिलावा केलेल्या मंदिरात ध्वनी शोषून घेणारे फारसे काही नसते. दालनाचे घनफळ जितके मोठे आणि शोषण जितके कमी, तितका नाद अधिक रेंगाळतो, हे वॉलेस सॅबाइन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८९५ पासूनच्या प्रयोगांनी सिद्ध केले. भाषणास सुमारे एक सेकंदाचा निनाद मानवतो. युरोपातील थोर कॅथीड्रलांत तो पाच सेकंदांच्याही पुढे जातो. तेथे बोलण्यापेक्षा संथ गायनच अधिक स्पष्ट पोहोचते.

फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली प्रसिद्ध झाले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ चर्चमध्ये जमलेल्या भाविकांस वाचून दाखविण्यासाठी होता. गावोगावची चर्चे से कॅथीड्रलहून लहान, तेथील निनादही कमी. तरी अडचण त्याच जातीची. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड, आणि प्रत्येक चरणाशेवटी विसावा. त्या विसाव्यात मागचा निनाद ओसरतो; एखादे अक्षर हरवलेच, तर यमक ते सुचविते. ओवी अर्थात चर्चसाठी घडलेली नव्हती. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या परंपरेतून ती स्टीफन्सपर्यंत आली. तथापि तिच्या यशाचे श्रेय केवळ लोकप्रियतेस देणे आम्हांस अपुरे वाटते. वास्तूशीही तिचे जुळले असावे, असे आमचे अनुमान आहे.

१६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकभाषेच्या वापराविरुद्ध हुकूम काढला. ‘क्रिस्तपुराणा’च्या सतराव्या शतकातील छापील प्रती पुढे नाहीशा झाल्या. मंगळूरकडे हस्तलिखिते जपली गेली, म्हणूनच १९०७ साली साल्ढाणा यांना ग्रंथ पुन्हा छापता आला. शब्द हाती आले. ते ज्या नादात ऐकले जात, तो मात्र आपल्या अभ्यासातून निसटला. शिक्षकबंधूंस आमची एवढीच विनंती की, हा ग्रंथ मुकाट्याने वाचून संपवू नये. एखाद्या उंच छताच्या दालनात विद्यार्थ्यांकडून तो मोठ्याने म्हणवून घ्यावा, आणि चरणाशेवटी किती थांबावे लागते, ते ऐकावे.