एकांची मोजणी

गणकयंत्राच्या लिपींत अक्षरें दोनच : शून्य आणि एक. अशा एकेका स्थानास ‘बिट’ ही संज्ञा आहे. एखाद्या शाळेनें विद्यार्थ्याची वर्षाची हजेरी अशा ओळींत नोंदविली, हजर दिवशीं एक व गैरहजर दिवशीं शून्य मांडलें, तर तो किती दिवस आला हें जाणण्यास त्या ओळींतील एक तेवढे मोजावयाचे. काम दिसावयास क्षुद्र. परंतु ओळी दहा लाख असल्या म्हणजे यंत्रासही तें जड जातें. म्हणूनच ही मोजणी त्वरेनें कशी करावी, या प्रश्नानें मोठमोठ्या बुद्धिमंतांना गुंतवून ठेविलें.

पहिला मार्ग बाळबोध. एकेक स्थान तपासावें व एक दिसतांच बेरजेंत मिळवावा. स्थानें ६४ असलीं तर तपासणी ६४ वेळां होणार. १९५१ सालीं मँचेस्टर विद्यापीठांत आलेल्या फेरांटी मार्क १ या यंत्रांत या ‘आडव्या बेरजे’साठीं स्वतंत्र आज्ञाच होती, पण सर्व यंत्रांना ही सोय नव्हती. केंब्रिज येथील एडसॅक यंत्रासाठीं गिलिस व मिलर यांनीं एक निराळी युक्ति योजिली. विल्क्स, व्हीलर व गिल यांच्या ग्रंथाच्या १९५७ च्या आवृत्तींत ती आलेली आहे. शेजारशेजारच्या बिटांच्या जोड्यांची बेरीज एकाच वेळीं करावी, मग जोड्यांच्या चौकड्या, चौकड्यांचे अष्टक, असें चढत जावें. या क्रमानें ६४ स्थानांचा हिशेब सहा पायऱ्यांत उरकतो.

१९६० सालीं पीटर वेग्नर यांनीं दुसरी सुंदर रीत प्रसिद्ध केली. संख्येंतून एक वजा करावा, आणि मूळ संख्या व बाकी या दोहोंत ज्या स्थानीं एक असेल तेवढेच एक राखावे. असें करतांच सर्वांत उजवीकडील एक नाहींसा होतो. १०११०१०० ही ओळ घेतली तर ती क्रमानें १०११००००, १०१०००००, १००००००० अशी होत चौथ्या खेपेस शून्य होते. म्हणजे एक चार. एक थोडे असतील तेथें ही रीत उत्तम. दाट असतील तेथें जोड्यांचीच रीत सरस.

ही मोजणी केवळ कौतुकाची नव्हे. रिचर्ड हॅमिंग यांनीं १९५० सालीं दाखविलें कीं, दोन संदेश किती स्थानीं भिन्न आहेत हें मोजून प्रेषणांतील चुका हुडकतां व दुरुस्त करतां येतात. आणि भिन्न स्थानें मोजणें म्हणजे पुन्हां एक मोजणेंच. १९६४ च्या सीडीसी ६६०० या महायंत्रांत ही आज्ञा होती. इंटेलच्या प्रोसेसरांत ती २००८ सालीं आली.

तरीही डेटाबेस वापरणारांचे कष्ट लागलीच सरले नाहींत. पोस्टग्रेस या प्रसिद्ध डेटाबेसांत पुष्कळजण बिटांच्या ओळीचा मजकूर करीत, त्यांतील सारीं शून्यें पुसून टाकीत आणि उरलेल्या मजकुराची लांबी मोजीत. उत्तर अचूक येई. परंतु एका बिटाच्या जागीं आठ बिटांचें अक्षर उभें करावें लागे. अखेर २०२१ सालीं चौदाव्या आवृत्तींत ‘बिट-काउंट’ हें फलन आलें व हा द्राविडी प्राणायाम थांबला. प्रोसेसरांत आज्ञा येऊन तेव्हां तेरा वर्षें, आणि गिलिस-मिलर यांची युक्ति छापून चौसष्ट वर्षें लोटलीं होतीं. विद्या उपजणें निराळें, आणि ती रोजच्या कामकऱ्याच्या हातीं पडणें निराळें.