प्रतिसाद देत नाही

समोरचा माणूस गप्प बसला की तो विचार करतोय, रुसलाय, की बसल्या बसल्या त्याचा डोळा लागलाय, हे ओळखणं ही संसारातली फार पोचलेली विद्या आहे. तीस-तीस वर्षं संसार करूनही पुष्कळांना ती साधत नाही. कॉम्प्युटरला तर ती कधीच पुरती साधणार नाही, असं ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाच्या १९३६ सालच्या सिद्धतेवरून निघतं. आज आपण ज्याला कॉम्प्युटर म्हणतो तो तेव्हा जन्मालाही आला नव्हता! म्हणजे बारशाच्या आधीच पोराच्या पत्रिकेत 'या विषयात नापास' असं लिहून ठेवण्यापैकी हा प्रकार. कुठलाही प्रोग्राम समोर ठेवला, तर तो कधीतरी काम आटपून थांबेल की अनंतकाळ गिरक्या घेत राहील, हे दर वेळी अचूक सांगणारी एकच एक रीत असूच शकत नाही.

तेव्हा पडद्यावर 'प्रोग्राम प्रतिसाद देत नाही' अशी पाटी आली की समजावं, आतला कारभारी, म्हणजे ती ऑपरेटिंग सिस्टिम, स्वतःच गोंधळलीय आणि आपल्यालाच विचारतेय, "आहे का हो? की गेला?"

पन्नासच्या दशकात हा प्रश्न सरळ माणसावर सोपवलेला असे. ती अगडबंब यंत्रं एका वेळी एकच काम करायची. भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा नेऊन द्यायचा आणि निकालाची वाट पाहत बसायचं. एखादं काम आत गिरक्याच घेत बसलं, तर ऑपरेटर त्याला उठवून पुढचा गठ्ठा लावी. मग १९६१ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बाटो आणि मंडळींनी एकाच यंत्रावर अनेकांना एकदम बसवायची व्यवस्था करून दाखवली. आता ऑपरेटर कुणाकुणाला उठवणार? म्हणून ते काम यंत्रातल्या घड्याळाकडे दिलं. ठरलेला वेळ भरला की घड्याळानं टोला द्यायचा, चालू प्रोग्रामनं असेल तिथे थांबायचं आणि ताबा कारभाऱ्याकडे जायचा. वक्तृत्वस्पर्धेतल्या घंटेसारखंच हे. फक्त इथे घंटा वाजल्यावर 'एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो' म्हणत आणखी दहा मिनिटं खायची सोय नाही.

पुढे एमआयटी आणि बेल प्रयोगशाळा यांनी मिळून 'मल्टिक्स' नावाचा मोठा घाट घातला. त्यात काम केलेल्या टॉम व्हॅन व्ह्लेक यांनी एक आठवण सांगितलीय. आपण लिहितो त्यातला निम्मा मजकूर तरी काही बिघडलं तर काय करायचं याचाच असतो, असं ते एकदा डेनिस रिचींना म्हणाले. रिची हे युनिक्सच्या दोन जन्मदात्यांपैकी एक. ते म्हणाले, आम्ही ते सगळं गाळलंय. काही बिघडलं की यंत्र बंद पडतं आणि आम्ही ओरडून सांगतो, पुन्हा चालू करा रे! मला हा गृहस्थ एकदम जवळचा वाटला. आमच्याकडे रेडिओपासून मिक्सरपर्यंत सगळ्यांवर हाच उपचार चालत आलाय.

युनिक्सनं नंतर मात्र प्रोग्राम संपवायचे चांगले शिष्टाचार घालून दिले. पंधरा नंबरचा निरोप म्हणजे 'आवरा आता'. तो मिळाल्यावर प्रोग्रामला आपली भांडीकुंडी गोळा करता येतात. हट्टी असेल तर तो निरोप चक्क कानाआडही टाकतो. मग नऊ नंबर. त्यात दयामाया नाही, आवराआवर नाही. दुसऱ्या काही निरोपांनी मेलेल्या प्रोग्रामच्या स्मृतीचा मात्र जागेवरच पंचनामा होतो, त्याला 'कोअर डंप' म्हणतात. 'कोअर' म्हणजे जुन्या यंत्रांच्या स्मृतीतली बारीक चुंबकीय कडी. कडी केव्हाच मोडीत गेली, नाव राहिलं. आणि मेल्यावरही सुटका नाहीच. ज्या प्रोग्रामनं त्याला जन्म दिला त्यानं दाखला उचलला नाही, तर मेलेल्याचं नाव यादीत तसंच राहतं. रेशनकार्डावरच्या आजोबांसारखं! अशांना तिथे 'झोंबी' म्हणतात. बाप आधी गेला तर पोरक्यांना पहिल्या नंबरचा प्रोग्राम दत्तक घेतो. एकूण खातं माणुसकीचं.

घरोघरी आलेल्या कॉम्प्युटरात मात्र हे संस्कार यायला वेळ लागला. १९८१ साली आयबीएमच्या डेव्हिड ब्रॅडलींनी तीन कळा एकदम दाबून यंत्र पुन्हा सुरू करायची सोय केली. चुकून हात लागून अनर्थ होऊ नये म्हणून त्या कळा मुद्दाम दूर दूर घेतल्या, दोन्ही हात लागावेत अशा. पुढे २००१ साली एका समारंभात बिल गेट्स शेजारी बसलेले असताना ब्रॅडली म्हणाले, शोध माझा असेल, पण प्रसिद्धी मिळवून दिली ती यांनी! आणि ते खरंच होतं. १९९० च्या आसपासच्या विंडोजमध्ये कारभार चालायचा चाळीतल्या नळासारखा. प्रत्येकानं आपली बादली भरावी आणि आपणहून बाजूला व्हावं. एखादीनं सतरंज्या धुवायला काढल्या की सगळा मजला खोळंबला. मॅकिंटॉशमध्येही तोच नळ, तीच चाळ. घड्याळाच्या टोल्याची जुनी शिस्त विंडोजमध्ये १९९३ नंतर हळूहळू आली आणि मॅकमध्ये २००१ साली.

पण घंटा वाजवता आली तरी मूळ प्रश्न सुटला नाही. मग विंडोजनं एक ठोकताळा बसवला: हाक मारल्यावर पाच सेकंदांत 'ओ' आली नाही, तर गडी प्रतिसाद देत नाही असं धरायचं. अँड्रॉइड फोनातही साधारण हेच पाच सेकंद. २००१ च्या विंडोज एक्सपीपासून तर अशा मुक्या खिडकीच्या जागी हुबेहूब तिच्यासारखी दुसरी उभी करतात, सरकवता यावी आणि बंद करता यावी म्हणून. म्हणजे तोतयाच! पानिपतानंतर भाऊसाहेबांचं नक्की काय झालं याची खात्री पटेना, म्हणून तर तोतयाचं फावलं.

गेल्या वर्षी आमच्या हिनं आपल्या आईच्या ओव्या कॉम्प्युटरवर उतरवायला घेतल्या. आई आता नाहीत. वहीचे कागद हात लावला की तुटतात. एका दुपारी नव्वदाव्या ओवीच्या सुमारास पडदा पांढराफटक पडला आणि पाटी आली: थांबायचं, की बंद करायचं? मी बाजूला उभं राहून ट्युरिंग समजावून सांगू लागलो. बंद केलं तर न साठवलेलं जाणार, आणि थांबलं तर किती थांबायचं ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नाही, वगैरे.

"आईसुद्धा अशीच मध्येच गप्प व्हायची," ही म्हणाली, "मग आठवायचं तिला." आणि कणीक मळायला निघून गेली. सात-आठ पोळ्या झाल्या असतील, तेवढ्यात खिडकी शुद्धीवर आली. आत तो काय करत होता कोण जाणे. नव्वदच्या नव्वद शाबूत होत्या. पाच सेकंदांचा नियम करणाऱ्यांच्या घरी पोळ्या होत नसाव्यात.

जिथे बटण दाबायला माणूसच नाही तिथे आणखी पंचाईत. ४ जुलै १९९७ रोजी 'पाथफाइंडर' यान मंगळावर उतरलं आणि काही दिवसांतच मधूनमधून आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागलं. यानात एक पहारेकरी ठेवलेला होता. महत्त्वाचं काम वेळेत झालं नाही की सगळा कारभार पहिल्यापासून सुरू करायचा, एवढंच त्याला ठाऊक. हवामानाची नोंद ठेवणारं एक किरकोळ काम सामाईक किल्ली घेऊन बसायचं, मधल्या दर्जाची कामं त्याला ढकलून पुढे घुसायची आणि सगळ्यात मोठं काम किल्लीसाठी दारात ताटकळायचं. कुठल्याही कचेरीत हे दृश्य दिसतं. इंजिनिअरांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रात तो घोळ पुन्हा घडवून पाहिला, दुरुस्ती आकाशमार्गे पाठवली आणि यान सुधारलं. २७ सप्टेंबरपर्यंत ते नीट बोलत होतं. मग गप्प झालं. इकडची माणसं त्याला मार्च १९९८ पर्यंत हाका मारत होती.