छातीतले पाणी काढल्यानंतर

फुप्फुसाभोवतीच्या दुहेरी आवरणात पाणी साचले की दम लागतो, कुशीवर झोपवत नाही, खोल श्वास घेताना कळ येते. ते पाणी सुईने काढणे हे अर्ध्या तासाचे काम. त्यानंतर रोग्याला कसे सांभाळायचे, हे समजायला मात्र शंभरावर वर्षे गेली.

छातीतला पू बरगड्यांमधून छेद देऊन काढण्याची रीत हिपोक्रेटिसच्या काळापासून आहे. बंद पद्धतीने पाणी ओढून काढण्याचा पायंडा बोस्टनच्या हेन्री बाउडिच यांनी १८५० मध्ये पाडला. शोषक उपकरण मॉरिल वायमन यांचे होते. लवकरच फ्रान्समधल्या डॉक्टरांना नवा धोका दिसला. पुष्कळ पाणी घाईने काढले की काही रोग्यांना खोकल्याची उबळ येई, फेसाळ कफ पडे, एखादा दगावेही. फार दिवस चेपलेले फुप्फुस एकदम फुलले की त्याच्या आतच पाणी झिरपते. एका वेळी साधारण दीड लिटरवर थांबावे आणि नंतर काही तास रोग्यावर नजर ठेवावी, ही शिस्त या अनुभवातून आली.

जर्मन वैद्य गोटहार्ड ब्युलाव यांनी १८७५ च्या सुमारास छातीत बसवलेल्या नळीचे दुसरे टोक बाटलीतल्या पाण्यात बुडवले. त्यामुळे आतले बाहेर येते, बाहेरची हवा आत शिरत नाही. बाटली छातीच्या पातळीखाली ठेवणे आणि नळीला पीळ पडू न देणे ही जबाबदारी आजही बरीचशी नातेवाइकांवर असते. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत अमेरिकी लष्करी छावण्यांत छातीत पू झालेले सैनिक घाईने छाती उघडल्यामुळे मरत होते. एव्हर्ट्स ग्रॅहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते थांबवले आणि रोग्याच्या आहाराला उपचाराइतकेच महत्त्व दिले.

भारतात या पाण्यामागे बहुधा क्षय असतो, आणि इथे फसगत व्हायला जागा आहे. क्षयाचे पाणी काही आठवड्यांत आपोआपही आटते, रोग्याला बरे वाटते. औषधांपूर्वीच्या काळात छातीत असे पाणी झालेल्या अमेरिकी सैनिकांची पाहणी १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्यापैकी सुमारे ६५ टक्के जणांना पुढे क्षयाने गाठले होते. पाणी गेले म्हणजे दुखणे गेले, हा समज इतका महाग पडत असे.

औषध नव्हते तेव्हा विश्रांती, मोकळी हवा आणि सकस अन्न एवढीच पुढची शुश्रूषा होती. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये पाचगणीला बेल-एअर आरोग्यधाम काढले. मिरजेजवळ वानलेसवाडीलाही असेच आरोग्यधाम उभे राहिले. हातावर पोट असणाऱ्याला महिनोन्महिने तिथे राहणे कुठून परवडणार? १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आणि १९५२ मध्ये आयसोनियाझिड हाती आले. मग १९५९ मध्ये मद्रासच्या चाचणीने दाखवले की फुप्फुसाच्या क्षयावर घरी राहून घेतलेली औषधेही आरोग्यधामातल्या उपचारांइतकीच लागू पडतात. गरिबाच्या दृष्टीने पुढच्या कोणत्याही यंत्रापेक्षा हा निष्कर्ष मोठा.

बेलापूर किल्ल्याजवळच्या दिवाळे कोळीवाड्यासारख्या गावाला घरचे उपचार सोयीचे, पण फेरतपासणीसाठी रुग्णालय गाठावेच लागते, आणि पूर्वी तो प्रवास सोपा नव्हता. ठाणे खाडीवरचा पूल १९७३ मध्ये झाला. तोवर मुंबईला गाडीरस्त्याने जायचे तर ठाण्याचा वळसा होता. वाशीची लोकल १९९२ मध्ये आली, पुढच्या वर्षी लोकल बेलापूरला पोचली.

छातीच्या क्षयाचा नेहमीचा औषधक्रम आता सहा महिन्यांचा आहे. मोफत गोळ्यांबरोबर पोषणासाठी २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १,००० झाली. पाणी आटले का, हे एक्स-रेवर पाहतात; श्वासाचे व्यायाम देतात. नळीची जखम भरेपर्यंत तिला खाडीचे पाणी लागू देऊ नये आणि जाळे ओढण्याचे काम डॉक्टरांना विचारूनच सुरू करावे. यांत्रिक होड्यांच्या जून-जुलैच्या बंदीत ही विश्रांती सहज मिळते; ऐन हंगामात ती घ्यायला घरच्यांनीच भाग पाडावे लागते.

नळी काढल्यावर पुन्हा दम लागला, ताप चढला किंवा जखमेतून पू येऊ लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.