महाडची मैत्री आणि आपली मुलं



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत चळवळीच्या इतिहासावर चार शब्द असावेत, म्हणून यंदा आम्ही महाडवर लिहायचं ठरवलं. कुणी म्हणेल, महाड आम्हाला पाठ आहे. खरंच आहे ते. २० मार्चला आणि २५ डिसेंबरला आपल्यातली पुष्कळ माणसं पनवेलहून गोवा रस्त्याने महाडला जातात. पण त्या लढ्याची एक बाजू भाषणांतून फारशी येत नाही. ती बाजू मैत्रीची. द्वेष पेटला तेव्हा कोण कुणाच्या शेजारी उभं राहिलं, हे मुलांना सांगायला हवं.

कारण हल्ली निवडणूक आली किंवा मिरवणूक निघाली की मोबाईलवर नाही नाही ते फिरू लागतं. काल एका बाकावर बसून डबा खाल्लेली पोरं आज एकमेकांची जात आणि धर्म मोजतात. ही आग घरात शिरण्याआधी आपल्याच जिल्ह्याचा इतिहास उघडून पाहावा.

महाड आणि पनवेल हे दोन्ही जुन्या कुलाबा जिल्ह्यातले तालुके. १९८१ पासून त्याच जिल्ह्याला आपण रायगड म्हणतो. महाडजवळच्या लाडवलीत १९०३ साली रामचंद्र बाबाजी मोरे यांचा जन्म झाला. पोरगा हुशार, शिष्यवृत्ती मिळवलेला. तरीही महाडच्या इंग्रजी शाळेने त्याला प्रवेश नाकारला. त्याने हा अन्याय वर्तमानपत्रात पत्र लिहून मांडला, तेव्हा कुठे प्रवेश मिळाला. पण बसायचं इतर मुलांपासून वेगळं. मैत्री जुळते ती शाळेच्या बाकावर. ज्याला बाकच दिला नाही, त्याने मैत्री कुणाशी करायची? शिवाशिवीने नुसतं पाणीच तोडलं नाही, लहानपणचं मैत्रही तोडलं.

पुढे याच मोरे यांनी महाडची परिषद व्हावी म्हणून पुढाकार घेतला. त्यांच्या मनात सूडच भरला असता तर नवल नव्हतं. पण ज्या महाडात त्यांना वेगळं बसवलं, त्याच महाडच्या लढ्यात त्यांना वरच्या म्हटल्या जाणाऱ्या जातींतले सोबती मिळाले. सुरेंद्रनाथ उर्फ सुरबानाना टिपणीस आणि अनंत विनायक चित्रे हे दोघे कायस्थ प्रभू, तर गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हे ब्राह्मण. सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला होता. त्याला धरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळं खुलं केलं, पण ते कागदावरच राहिलं. १९ आणि २० मार्च १९२७ ला परिषद भरली तेव्हा पाणीसुद्धा चाळीस रुपये मोजून विकत घ्यावं लागलं. शेवटी तळ्यावर जाऊन पाणी घेऊ या, अशी सूचना चित्रे यांनी मांडली. बाबासाहेब पुढे आणि मागे हजारो माणसं, असे सगळे तळ्यावर गेले.

नंतर गावात अफवा उठली की ही माणसं आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. अफवेला पाय नव्हते, तरी ती गावभर फिरली. आजचा मोबाईल तेव्हा नव्हता, पण काम तेच. परतणाऱ्या आपल्या माणसांवर लाठ्या पडल्या. काहींना मुसलमान शेजाऱ्यांनी घरात घेऊन वाचवलं. आपल्यात पलटणीत राहिलेली माणसं होती, हात उगारायला त्यांना अवघड नव्हतं. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. हल्लेखोरांपैकी काहींना पुढे कोर्टात शिक्षा झाली. इकडे सनातन्यांनी १०८ घागरी ओतून तळं शुद्ध केलं, आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला.

आता खरी कसोटी सांगतो. त्या काळी पुण्यात ब्राह्मण-ब्राह्मणेतर वाद इतका पेटला होता की माणसाआधी जात दिसे. ब्राह्मणेतर पक्षाचे केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर हे बाबासाहेबांना परके नव्हते. 'देशाचे दुश्मन' या पुस्तकाच्या खटल्यात बाबासाहेबांनीच वकील म्हणून १९२६ साली त्यांना सोडवलं होतं. त्यांनी सत्याग्रहाला पाठिंबा देऊ केला, पण अट घातली की त्यात एकही ब्राह्मण नको. लढा मोठा, माणूसबळ हवंच होतं. तरी बाबासाहेबांनी अट धुडकावली. आपलं वैर ब्राह्मण माणसाशी नाही, ब्राह्मण्याशी आहे, असं त्यांनी स्पष्ट केलं. सहस्रबुद्धे सोबत राहिले. २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला तो याच सहस्रबुद्धेंनी. आणि त्या परिषदेला महाडात कुणी जागा देईना, तेव्हा आपली जमीन दिली फत्तेखान यांनी.

यावरून कुणी असं समजू नये की मैत्री म्हणजे अन्याय गिळून गप्प बसणं. बाबासाहेबांनी तळ्याचा हक्क सोडला नाही. कोर्टात दहा वर्षं झुंज दिली आणि मार्च १९३७ मध्ये हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला. हक्कासाठी भांडायचं, पण शेजाऱ्याच्या लेकराचा द्वेष करायचा नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात, हे महाडने दाखवलं. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून खोतांविरुद्ध संप केला. नारायण नागू पाटलांच्या त्या लढ्यालाही बाबासाहेबांनी साथ दिली, आणि १७ सप्टेंबर १९३७ ला खोती नष्ट करण्याचं बिल कायदेमंडळात मांडलं. आगरी, कुणबी आणि महार शेतकरी एका मोर्चात चालले ते असं बोट धरल्यामुळे.

तथागतांनी आनंदाला सांगितलं होतं की चांगल्या मित्राची सोबत हा धम्मजीवनाचा अर्धा भाग नाही, ते सबंध धम्मजीवनच आहे. बाबासाहेबांनी १९५४ साली आकाशवाणीवरून सांगितलं की स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वं आपण बुद्धांच्या शिकवणुकीतून घेतली. म्हणजे मैत्री हा आपल्याकडे वरवरचा गोडवा नसून धम्माचा पाया आहे.

म्हणून आई-वडिलांना आमची विनंती आहे. मुलगा शाळेतून येऊन म्हणाला, अमक्याशी आता बोलायचं नाही, तो त्यांच्यातला आहे, तर त्याला जवळ बसवा. मोरे यांना वेगळं बसवणारी शाळा सांगा, आणि सुरबानाना, चित्रे, सहस्रबुद्धे, फत्तेखान यांचीही नावं सांगा. मोबाईलवर काही आलं तर ते खरं का, एवढं विचारायला शिकवा. त्या मित्राला पुढच्या पौर्णिमेला विहारात खीर खायला बोलावलंत तर फारच उत्तम.

भवतु सब्ब मंगलं! जय भीम!