चिनी शब्दाच्या पाठीवर कोणती भाषा?

डोईफोडिया हे गावाचे नाव मराठी कानावर पडले की त्यातली 'डोई' तत्काळ ओळखू येते. हे नाव कसे पडले, त्यामागे कोणती आख्यायिका आहे, हा विषय आज बाजूला ठेवू. आम्हाला अस्वस्थ करते ती गोष्ट वेगळी आहे. खकनार तालुक्यातील आमच्या या गावांत हिंदी माध्यमातून शिकणाऱ्या मुलाला नावातले 'फोड' समजते, कारण 'फोड़ना' त्याच्या पाठ्यपुस्तकात आहे. 'डोई' मात्र त्याला समजत नाही. आपण राहतो त्या गावाच्या नावाचा अर्धा भाग त्याच्यापुरता निव्वळ ध्वनी होऊन बसला आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा वऱ्हाड द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि निमाड जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. पुढे १५ ऑगस्ट २००३ रोजी बुऱ्हाणपूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. या सीमारेषेविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि आम्हीही लिहिले आहे. परंतु शब्द सीमारेषेमुळे जात नाही. तो भेटायचा थांबतो, मग आठवायला वेळ लागू लागतो, मग त्याच्या जागी शेजारचा शब्द येऊन बसतो. घरात आजी 'डोई' म्हणते, नातू 'सिर' म्हणतो, आणि आजीनंतर तो शब्द म्हणणारे कोणी उरत नाही. विस्मरणाची ही चाल मोजता येते, हे दाखवणाऱ्या शास्त्राचा इतिहास आपल्या लोकांनी जाणून घ्यावा म्हणून हा लेख. त्यात चिनी भाषा का आली, ते ओघात येईलच.

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये स्मृतीविषयी एक छोटा ग्रंथ प्रसिद्ध केला. अर्थाचा आधार मिळू नये म्हणून त्याने निरर्थक अक्षरगट बनवले, त्यांच्या माळा पाठ केल्या आणि ठरावीक काळाने त्या पुन्हा पाठ करायला किती कमी श्रम लागतात ते मोजले. वीस मिनिटांनी पूर्वीच्या श्रमांपैकी ५८ टक्के वाचत होते, तासाभराने ४४, एका दिवसाने सुमारे ३४ आणि महिन्याने २१. म्हणजे पहिल्या काही तासांत पुष्कळसे निसटते आणि जे मागे राहते ते हळूहळू झिजत जाते. त्याच ग्रंथातील दुसरे निरीक्षण आम्हाला अधिक मोलाचे वाटते: एकाच दिवशी ६८ वेळा घोकून जे साधले, ते तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवर्तनांनीही साधले. श्रम जवळजवळ निम्मे, आणि फरक केवळ मधल्या अंतराचा.

हे वाचून मराठी माणसाला आपल्या पंतोजींच्या शाळेची आठवण व्हावी. पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे सारे मुखोद्गत करवून घेणारी ती शाळा क्रूर होती, हे मान्य करूनच सांगतो की मराठीने त्या कामासाठी घडवलेला शब्द अत्यंत अचूक आहे. उजळणी. तांब्याच्या भांड्यावर चढलेला डाग घासून ते पुन्हा लख्ख करावे, तसे मनातल्या शब्दाचे करायचे. संध्याकाळी दिवेलागणीला परवचा म्हणत, तोही याच जातीचा. मात्र परवच्यात एक उणीव होती. बे एके बे आणि एकोणतीस साते या दोहोंना सारखाच वेळ मिळे. जे मुलाला झोपेतही येते तेही रोज, आणि जे रोज चुकते तेही रोजच. अंतर सर्वांना एकच.

विसाव्या शतकात विचार झाला तो नेमका या अंतराचा. सी. ए. मेस या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये उजळणीतील अंतर वाढवत नेण्याची सूचना केली: एक दिवस, दोन दिवस, चार, आठ. सेबास्टिआन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ च्या सुमारास त्यासाठी कप्प्यांची पेटी सुचवली. एका कार्डावर पुढे प्रश्न आणि मागे उत्तर. उत्तर आले तर कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकले तर परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज उघडायचा, पुढचे क्रमाने अधिकाधिक उशिरा. खोके, पुठ्ठा आणि कात्री एवढ्यावर चालणारी ही युक्ती आमच्या कोणत्याही गावात आजही करता येईल.

१९८७ मध्ये पोलंडच्या पोझनान शहरातील प्योत्र वोझ्नियाक या विद्यार्थ्याने हे काम संगणकाकडे सोपवले. त्याच्या हिशेबात नवा शब्द एक दिवसाने येतो, मग सहा दिवसांनी, आणि त्यानंतर मागच्या अंतराची अडीचपट केली जाते: १५ दिवस, मग सुमारे ३८, मग ९४. म्हणजे पाच भेटींनंतर सोपा शब्द तीन महिने पुन्हा भेटला नाही तरी चालतो. अवघड शब्दाचा गुणक घटतो, त्यामुळे तो लवकर परततो, आणि चुकलेला पुन्हा आरंभापासून सुरू होतो. २००६ मध्ये डेमियन एल्म्स या ऑस्ट्रेलियन गृहस्थाने याच हिशेबाच्या पायावर 'आन्की' हे सॉफ्टवेअर तयार केले. जपानी भाषेत या शब्दाचा अर्थ पाठांतर. अँड्रॉइड फोनवर ते विनामूल्य चालते. परवच्याची उणीव येथे भरून निघाली: प्रत्येक शब्दाला त्याचे स्वतःचे अंतर मिळाले.

या युक्तीचा खरा कस लागतो तो चिनी भाषेत. आपण 'डोई' हा शब्द प्रथमच छापलेला पाहिला तरी वाचू शकतो. अर्थ न कळो, उच्चार तरी कळतो. चिनी चित्राक्षर बहुधा एवढाही आधार देत नाही. त्याचे रूप, उच्चार, सूर आणि अर्थ या चार गोष्टी एकत्र लक्षात ठेवाव्या लागतात. 'मा' हे एकच अक्षर सुराप्रमाणे आई, ताग, घोडा किंवा शिवी देणे होते. चीन सरकारने २०१३ मध्ये प्रमाण चित्राक्षरांची जी यादी जाहीर केली तिच्यातील नित्य वापराची अक्षरेच ३५०० आहेत. म्हणून जगभर चिनी शिकणारे आन्कीसारख्या साधनांना चिकटून असतात, यात नवल नाही.

आणि चिनीशी मराठीचे नाते आजचे नाही. सातव्या शतकात, इसवी सन ६४१ च्या सुमारास, ह्युएन-त्संग आपल्या प्रदेशातून गेला. परतल्यावर सिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवृत्तात महाराष्ट्राचे नाव चार चित्राक्षरांत लिहिलेले आहे. आजच्या उच्चाराने ते 'मो-हो-ला-छा' असे काहीसे ऐकू येते. पुलकेशीचे नावही तेथे आहे, आणि पूर्वेकडील डोंगरातल्या ज्या भव्य विहाराचे वर्णन आहे तो अभ्यासक बहुधा अजिंठा मानतात. 'महाराष्ट्र' या नावावर वाद घालण्यात आमच्या पिढीचे आयुष्य गेले. त्या नावाच्या जुन्या परकीय नोंदींपैकी एक चिनी लिपीत पडून आहे, आणि ती मुळातून वाचू शकणारे मराठी लोक फारच थोडे असतील.

जे ही भाषा शिकले त्यांपैकी दोघांची वाट येथे आठवण्यासारखी आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. त्या पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. जाताना कोटणिसांना चिनी येत नव्हती. १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले, चिनी भाषेत शस्त्रक्रिया शिकवू लागले आणि त्याच भाषेत शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तक लिहू लागले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते वारले तेव्हा ते लेखन चालूच होते. त्यांना कार्डांची गरज पडली नाही. 'जखम' हा शब्द रोज दाराशी स्ट्रेचरवर येत होता. उजळणी युद्धच करून घेत होते. दुसरे पुरुषोत्तम विश्वनाथ बापट. पुण्याच्या या पाली पंडिताने मूळ नष्ट झालेला 'विमुत्तिमग्ग' हा ग्रंथ सहाव्या शतकातील चिनी भाषांतरातून वाचला, 'विसुद्धिमग्गा'शी ताडून पाहिला आणि तो अभ्यास १९३७ मध्ये प्रसिद्ध केला. पुण्याच्या रस्त्यावर चिनी बोलणारे कोणी नव्हते. ग्रंथातला शब्द पुन्हा भेटणार तो पुढच्या एखाद्या पानावर आला तरच.

आमच्या गावातल्या मुलाजवळ ना कोटणिसांचे रुग्णालय ना बापटांचे ग्रंथालय. त्याच्याजवळ फोन आहे. तेव्हा त्याने चिनी शिकायचे ठरवले तर आन्की हीच त्याची वाट, आणि तेथेच आमचा मूळ प्रश्न उभा राहतो. तयार मिळणाऱ्या संग्रहांत कार्डाच्या पुढे चिनी असते आणि मागे बहुधा इंग्रजी. परंतु उजळणी पुढच्या बाजूचीच होते असे नाही. कार्ड जितक्या वेळा उलटते तितक्या वेळा मागचा शब्दही डोळ्यांखालून जातो. पाठीवर इंग्रजी असेल तर चिनीबरोबर इंग्रजी पक्की होते, हिंदी असेल तर हिंदी. आणि मराठी असेल तर मराठी, हे मात्र आजवर कोणी करून पाहिल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

नात्यांचे शब्द घ्या. चिनीत मामा 'च्यौ-च्यौ', आत्या 'कू-कू', मावशी 'ई', वडिलांचा थोरला भाऊ 'पो-पो' आणि धाकटा 'शू-शू'. इंग्रजी पाठीच्या कार्डावर यांतले तिघे पुरुष 'अंकल' आणि दोघी स्त्रिया 'आंटी' होतात, आणि शिकणारा कायमचा गोंधळतो. मराठी पाठीवर मामा मामाच राहतो आणि आत्या आत्याच. येथे न्यायाची गोष्ट सांगितली पाहिजे: थोरला आणि धाकटा चुलता यांतला भेद हिंदीत 'ताऊ' आणि 'चाचा' असा एकेका शब्दात आहे, आपल्याला 'थोरले काका' म्हणावे लागते. त्या एका कार्डापुरती हिंदी सरस. परंतु 'चुलता' हा शब्द त्या निमित्ताने मुलाच्या डोळ्यांपुढे येईल, आणि हिंदी शाळेत तो कधीच येणार नाही.

उच्चाराचेही तसेच. मराठीतला 'चहा'तला च आणि 'चोर'तला च वेगळा. लिपीत मात्र दोन्ही सारखेच. हिंदीत दुसरा नाही, म्हणून हिंदी माध्यमातील आमची मुले 'चाक' आणि 'चटणी'ही 'चहा'तल्या चने म्हणू लागली आहेत. ('ळ' निमाडीतही आहे, त्यामुळे तो अजून तग धरून आहे, दंततालव्य च मात्र एकाकी आहे.) आता योगायोग पाहा. चिनीत 'चित्राक्षर' या अर्थाचा जो शब्द आहे तो अगदी याच 'चोर'तल्या चने सुरू होतो. इंग्रजीतून शिकणाऱ्याला तो उच्चार शब्दारंभी आणायला झगडावे लागते. डोईफोडियाच्या आजीच्या तोंडी तो अनायास आहे. अल्पप्राण-महाप्राणाचा भेद, म्हणजे प आणि फ, त आणि थ यांतला फरक, चिनीत अर्थ बदलतो. तोही आपल्याला जन्मजात अवगत.

अंक चिनीत सोपे आहेत: पंचवीस म्हणजे 'दोन-दहा-पाच'. दहापर्यंत आले की नव्याण्णवपर्यंत आलेच. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस पाच' अशी वाचनाची रीत दिली तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ उठला होता! आमच्याकडील अडचण निराळीच आहे. येथे मूल 'उनहत्तर' म्हणते, आणि 'एकोणसत्तर' ऐकले तर आजोबांकडे पाहते. चिनी अंकांच्या कार्डामागे एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद लिहिले तर ज्याची उजळणी खरोखर हवी आहे तो शब्द मागच्या बाजूला असेल.

कार्डे केवळ शब्द राखतात, वाक्य घडवत नाहीत, हे उघड आहे. शिवाय चार दिवस खंड पडला की थकलेल्या उजळण्यांचा ढीग साठतो आणि बहुतेक जण तेथेच सोडून देतात. तेव्हा आरंभ लहान हवा. चिनी प्रावीण्य परीक्षेच्या २०१० च्या आराखड्यात पहिल्या पायरीला १५० शब्द होते. रोज दहा नवे घेतले तर पंधरा दिवसांत ते पेटीत येतात. आन्कीच्या कार्डावर ध्वनीही जोडता येतो. चिनी उच्चार तयार संग्रहातून घ्यावा. मराठी मात्र घरातल्या वडीलधाऱ्याच्या आवाजात, फोन समोर धरून, एका बैठकीत वीस-पंचवीस शब्द या हिशेबाने उतरवून घ्यावी. चिनीत 'डोके' म्हणजे 'थौ'. त्या कार्डाच्या पाठीवर आम्ही 'डोई' लिहिले आहे.